मुद्दल वाचले, वाटा का नाही?

२०१६ च्या जूनअखेरीस अमेरिकेतल्या अलास्का राज्याचे गव्हर्नर बिल वॉकर यांनी नकाराधिकार वापरून अर्थसंकल्पातला एक आकडा जवळजवळ निम्म्यावर आणला. त्या वर्षी राज्यातल्या प्रत्येक पात्र रहिवाशाला, पंचाहत्तरीच्या आजीपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत, तेलाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या राज्याच्या निधीचा लाभांश म्हणून सुमारे २,०५० डॉलर मिळायचे होते. ऑक्टोबरात हातात पडले १,०२२. पाच माणसांच्या घरात पाच हजारांहून अधिक डॉलर आलेच नाहीत. त्यासाठी एकही कायदा बदलावा लागला नाही. लाभांश कसा काढायचा याचे सूत्र १९८२ पासून राज्याच्या कायद्यात लिहिलेले आहे आणि आजही ते तिथेच आहे. मात्र २०१६ पासून एकाही वर्षी त्याप्रमाणे पैसे वाटले गेलेले नाहीत.

कायदा रद्द झालेला नाही, विधिमंडळाने तो बदललेला नाही, तरी सरकारला तो पाळावा लागत नाही. लोकांच्या मालकीच्या संपत्तीबाबत अशी स्थिती असणे मला अन्यायाचे वाटते. अलास्काच्या रहिवाशांचा तेलातला वाटा राज्याच्या घटनेत लिहिला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. रक्कम लिहू नये, जुने सूत्रही लिहू नये; वाटा लिहावा.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते. अलास्काची घटना सांगते की राज्याच्या मालकीच्या साऱ्या नैसर्गिक संपत्तीचा वापर, विकास आणि जतन जनतेच्या जास्तीत जास्त हितासाठी व्हावे. १९५९ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा केंद्राने अलास्काला दहा कोटी चाळीस लाख एकर जमीन निवडून घेण्याचा हक्क दिला. म्हणजे महाराष्ट्राहून बरीच मोठी जमीन, आणि तीही पोटातल्या खनिजासकट. एरवी जमीनमालकाच्याच नावावर तेल असण्याची रीत असलेल्या त्या देशात हे वेगळे होते. १९६८ मध्ये उत्तर टोकाला प्रुडो बे इथे तेल सापडले. पुढच्या वर्षी सप्टेंबरात भाडेपट्ट्यांचा लिलाव झाला आणि एका दिवसात राज्याच्या तिजोरीत ९० कोटी डॉलर पडले. राज्याच्या वर्षभराच्या खर्चाच्या कित्येक पट ही रक्कम होती. काही वर्षांतच ती संपली. शाळा झाल्या, रस्ते झाले, विमानतळ झाले. पैसा सगळा वाया गेला असे मी म्हणणार नाही. पण तेल अजून नळातून वाहूही लागले नव्हते आणि त्याच्या नावावर आलेला पैसा संपला होता, हे लोकांच्या मनात राहिले.

आपल्याकडच्या शेतकरी घरांत एक नियम असतो. जमिनीचा तुकडा विकावाच लागला तर त्या पैशावर संसार चालवायचा नाही. त्यातून दुसरी जमीन घ्यायची, नाहीतर बँकेत ठेवून व्याजावर भागवायचे. कारण जमीन एकदाच विकता येते, आणि ती नातवंडांचीही असते. १९७६ मध्ये अलास्काने नेमके हेच केले. तेल आणि खनिज काढणाऱ्या कंपन्यांकडून राज्याला मालक म्हणून मिळणाऱ्या रॉयल्टीपैकी किमान २५ टक्के एका कायम निधीत टाकायची आणि मुद्दल फक्त गुंतवायचे, अशी घटनादुरुस्ती लोकांपुढे आली. ती दोनास एक अशा बहुमताने मंजूर झाली. १९७७ च्या फेब्रुवारीत निधीत पहिली भर पडली ७,३४,००० डॉलरची. आज तो निधी ८० अब्ज डॉलरच्या आसपास आहे.

मुद्दल घटनेत गेले. त्यावर येणाऱ्या उत्पन्नाचे काय? घटनेच्या त्याच कलमात लिहिले की कायद्याने वेगळे ठरवले नसेल तर उत्पन्न राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जाईल. ही छोटीशी सवलत तेव्हा कुणाला खटकली नसावी. चाळीस वर्षांनी वॉकर यांचा हात जिथून आत शिरला ती हीच फट.

लाभांशामागचा माणूस म्हणजे जे हॅमंड. मूळचे छोट्या विमानांचे वैमानिक आणि ब्रिस्टल बेमधले मच्छीमार, रिपब्लिकन पक्षाचे, १९७४ ते १९८२ या काळात गव्हर्नर. त्यांची कल्पना सोपी होती. निधीतून प्रत्येक घरात दरवर्षी काही येत राहिले तर प्रत्येक घर त्या निधीवर डोळा ठेवील आणि एखाद्या पुढाऱ्याने मुद्दलात हात घालायचे ठरवले तर लोक त्याला घरी बसवतील. राखणदार नेमायचा तर ज्याचे पीक त्यालाच नेमावे, असा हा विचार. १९८० चा पहिला कायदा मात्र फसला. जितकी वर्षे अलास्कात, तितके पन्नास-पन्नास डॉलर, असे त्यात होते. म्हणजे १९५९ पासूनच्या माणसाला भरपूर आणि नव्याला जेमतेम. नव्यानेच राहायला आलेल्या झोबेल या वकील दांपत्याने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द केला. जुन्या-नव्या रहिवाशांत अशी उतरंड लावता येणार नाही, असा निकाल होता. मग सगळ्यांना सारखा वाटा, असा दुसरा कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी प्रत्येकाला १,००० डॉलर मिळाले. माझ्या मते लाभांशाच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना. वाटा बक्षीस म्हणून नाही, ज्येष्ठता म्हणून नाही, गरिबी सिद्ध केल्याबद्दलही नाही. इथे राहतो म्हणून, या जमिनीचा धनी म्हणून. तेव्हापासून एकही वर्ष खंड पडलेला नाही.

वॉकर यांच्या निर्णयाविरुद्ध राज्याचे सिनेटर बिल वीलेहाउस्की आणि दोन माजी सिनेटर न्यायालयात गेले. सूत्र कायद्यात आहे, पैसे आपोआप लाभांशाच्या खात्यात जायला हवेत, त्याला वेगळी मंजुरी कशाला, हा त्यांचा युक्तिवाद. २०१७ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. अलास्काच्या घटनेत असा नियम आहे की राज्याचे उत्पन्न एखाद्या कामासाठी आधीच कायमचे बांधून ठेवता येत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने रॉयल्टीला त्यातून सूट दिली, पण निधीच्या उत्पन्नाला दिली नाही. म्हणून लाभांशाचे पैसेही शाळा-रस्त्यांच्या पैशांप्रमाणे दरवर्षी विधिमंडळाने मंजूर करायचे आणि गव्हर्नर त्यावर नकाराधिकार वापरू शकतो.

हा निकाल मी चुकीचा म्हणत नाही. घटनेचे शब्द पाहिले तर न्यायालयाला दुसरा मार्ग नव्हता. म्हणूनच तर पुढचा सगळा प्रश्न घटनेचा होतो. साध्या कायद्याने दिलेले वचन साध्या बहुमताने मोडता येते, आणि इथे तर तेवढेही करावे लागले नाही. नुसते दुर्लक्ष पुरले. २०१८ मध्ये निधीतून दरवर्षी किती काढायचे याची मर्यादा ठरली. निधीच्या गेल्या काही वर्षांच्या सरासरी मूल्याच्या ५.२५ टक्के, आणि तीन वर्षांनंतर ५ टक्के. पण त्यातले सरकारला किती आणि लोकांना किती, हे कुणी ठरवलेच नाही. तेव्हापासून दर वसंतात ज्यूनो या राजधानीत ओढाताण होते. २०२० मध्ये लाभांश ९९२ डॉलर. २०२२ च्या निवडणुकीच्या वर्षी, ऊर्जेसाठीच्या मदतीसह, ३,२८४. पुढच्या वर्षी १,३१२. २०२५ मध्ये फक्त १,०००, जिथे जुन्या सूत्राने साडेतीन हजारांच्या पुढे गेला असता. निधीतून दरवर्षी काढल्या जाणाऱ्या रकमेत असे चढउतार नव्हते. हे चढउतार मतांच्या गणितातले होते.

साध्या कायद्याच्या आधारावर उभ्या केलेल्या निधीचे काय होते, हे पाहायला अलास्काला लांब जायला नको. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताने त्याच १९७६ साली आपला वारसा निधी सुरू केला. तिथेही तेल, तिथेही शहाणे नेतृत्व. प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, पीटर लॉहीड यांनी तेल-वायूच्या उत्पन्नातले ३० टक्के निधीत टाकायला सुरुवात केली. पण हे सारे कायद्याने केलेले होते. १९८३ मध्ये ३० चे १५ टक्के झाले. १९८७ मध्ये भर घालणेच थांबले, आणि उत्पन्न वर्षानुवर्षे चालू खर्चाकडे वळत राहिले. अल्बर्टात माणसे अलास्काच्या सहापटीहून अधिक, तेलाचा साठा कितीतरी मोठा, तरी त्यांचा निधी अलास्काच्या निधीच्या जवळपासही पोचला नाही. लोकांना लाभांश म्हणाल तर २००६ मध्ये एकदाच माणशी ४०० डॉलरचे धनादेश आले आणि विषय संपला. दोन तेलाचे प्रदेश, एकच वर्ष, एकच कल्पना. फरक एवढाच की एकाने मुद्दल घटनेच्या कुलपात ठेवले. अलास्कातल्या राजकारण्यांत अल्बर्टातल्यांपेक्षा जास्त संयम होता असे मानायला काही आधार नाही. त्यांना हात लावताच येत नव्हता, म्हणून मुद्दल वाचले. ज्याला हात लावता येत होता त्या लाभांशाची अवस्था आपण पाहिलीच.

आता हा पैसा ज्या घरात जातो तिथे डोकावू. यूकॉन आणि कस्कोक्विम या नद्यांच्या काठी यूपिक आणि इतर आदिवासींची गावे आहेत. तिथे रस्ता जात नाही. उन्हाळ्यात नदी वितळली की बार्जमधून घर तापवायचे तेल येते. नदी गोठायच्या आत जे साठवले ते हिवाळाभर पुरवायचे. नाहीतर विमानाने येणारे सामान, तेही दुप्पट-तिप्पट भावाचे. लाभांश ऑक्टोबरात येतो, बर्फ धरायला लागते त्याच सुमारास. त्या पैशात तेलाची उधारी फिटते, होडीचे इंजिन नाहीतर बर्फावर चालणारे स्नोमशीन दुरुस्त होते, मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायला पेट्रोल आणि काडतुसे येतात. त्या शिकारीचे मांस फ्रीझरमध्ये पडले की घराचा हिवाळा निघतो. रोख मजुरी फारशी नसलेल्या अशा गावात वर्षभरातली सर्वांत मोठी एकगठ्ठा रक्कम ती हीच असू शकते. मुलांचा वाटाही येतो. कुणी तो मुलाच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवतात, कुणाला ते परवडत नाही.

आणि अँकरेजमध्ये तेल कंपनीत मोठ्या पगारावर काम करणारा माणूसही तेवढाच लाभांश घेतो. त्याचे हजार डॉलर कापले तर त्याला ते जाणवणारही नाहीत. नदीकाठच्या घराचे हजार डॉलर कापले तर घर तापवायचे तेल जाते. अलास्कात उत्पन्नावर कर नाही. तो १९८० मध्ये रद्द झाला, आणि पुरता रद्द करायला हॅमंड यांचा विरोध होता. राज्यभर विक्रीकरही नाही. मग सरकारला पैसा कमी पडतो तेव्हा कात्री एकाच ठिकाणी लागते. लाभांश कापणे हाच अलास्काचा कर झाला आहे, आणि तो माणशी सारखा आहे. श्रीमंतालाही हजार, गरिबालाही हजार, तान्ह्या बाळालाही हजार. अलास्का विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये तूट भरून काढायच्या वेगवेगळ्या मार्गांची तुलना केली. गरीब घरांना सर्वांत जास्त मार देणारा मार्ग लाभांशकपातीचा, असे त्यांना दिसले. जे सरकार उत्पन्नावर कर लावायला धजत नाही ते मूल जन्मले की त्याच्यावर डोईपट्टी लावते, यात मला काही न्याय दिसत नाही.

फुकटचा पैसा माणसाला आळशी करतो, ही हरकत आपल्याकडेही लगेच येते. लाभांश इतकी वर्षे चालू असल्यामुळे तिची तपासणी करता आली आहे. डेमन जोन्स आणि इओआना मरिनेस्कू यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात अलास्कातल्या एकूण रोजगारावर लाभांशाचा परिणाम दिसला नाही. अर्धवेळ काम करणाऱ्यांचे प्रमाण मात्र सुमारे १.८ टक्केबिंदूंनी वाढलेले दिसले. दुसरे म्हणजे, हा पैसा फुकटचा आहे हे गृहीतच मला पटत नाही. शेअर असलेल्या माणसाला लाभांश मिळाला तर त्याला आपण फुकट्या म्हणत नाही. महाराष्ट्रात लाडक्या बहिणींना दरमहा १,५०० रुपये मिळतात ते सरकारच्या महसुलातून. ते द्यावे की नाही, किती द्यावे, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्यावर दर निवडणुकीत वाद व्हायला हरकत नाही. अलास्कातला पैसा वेगळा आहे. तो लोकांच्याच मालमत्तेच्या विक्रीतून आलेला आहे. धन्याला त्याचा वाटा देणे ही मदत नाही.

विरोधकांची जड हरकत वेगळी आहे, आणि ती मी हलकी मानत नाही. तेलाचे उत्पादन १९८८ च्या सुमारास दिवसाला २० लाख पिंपांवर होते, आज ते पाच लाखांच्याही खाली आहे. आज राज्याला हव्या त्या कामावर खर्च करता येणाऱ्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा भाग निधीतूनच येतो. शाळांना मुलामागे मिळणारे अनुदान वर्षानुवर्षे महागाईच्या मागे राहिले, गावांतल्या शाळांची छपरे गळतात, शिक्षक टिकत नाहीत. अशा वेळी लाभांश घटनेत बांधून टाकला तर वाईट वर्षात शाळा बंद करायच्या का? २०१९ मध्ये गव्हर्नर माइक डनलेव्ही यांनी पूर्ण लाभांशाचा आग्रह धरताना ४४ कोटी डॉलरहून अधिक रकमेवर नकाराधिकार चालवला. विद्यापीठाच्या वाट्यालाच १३ कोटींची कपात आली, आणि त्यांना पदावरून परत बोलावण्याची मोहीम उभी राहिली. लाभांशाच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाने हे प्रकरण विसरू नये. लाभांशासाठी विद्यापीठ मोडणे हे हॅमंड यांच्या कल्पनेत कुठेच नव्हते.

म्हणून १९८२ चे सूत्र जसेच्या तसे घटनेत घालायला माझा विरोध आहे. ते सूत्र निधीच्या गेल्या पाच वर्षांच्या नफ्यावर चालते. बाजार चढला की रक्कम फुगते आणि ती राज्याला झेपत नाही. डनलेव्ही यांनी २०२१ मध्ये अर्धा-अर्धा वाटा घटनेत घालायचा प्रस्ताव पुढे केला. आजच्या खर्चात तोही जड जाईल. पण याचा अर्थ वाटाच नको असा होत नाही. घटनेत दोन गोष्टी लिहाव्यात. निधीतून दरवर्षी सरासरी मूल्याच्या ५ टक्क्यांहून जास्त काढता येणार नाही. आणि जे काढले जाईल त्यातला ठरावीक हिस्सा, निदान एक चतुर्थांश, रहिवाशांना समान वाटला जाईल, त्यावर मंजुरीची अट नाही आणि नकाराधिकारही नाही. सध्या निधीतून वर्षाला पावणेचार अब्ज डॉलरच्या आसपास काढले जातात. लाभांश घेणारे सहा लाखांच्या थोडे वर. चौथा हिस्सा म्हणजे माणशी साधारण दीड हजार डॉलर. उरलेले तीन हिस्से शाळांना आहेत, विद्यापीठाला आहेत, पोलिसांना आहेत. निधी घसरला तर दोघांचे सारख्याच प्रमाणात घसरेल. सरकारला आणखी हवे असेल तर ते कर लावू शकते, आणि तो कर कुणावर किती हे उघडपणे सांगावे लागेल.

पहिली गोष्ट दुसरीइतकीच निकडीची आहे. मुद्दल सुरक्षित आहे असे मी म्हणालो ते खरे, पण निधीचे दोन कप्पे आहेत. मुद्दलाला घटनेचे कुलूप. कमाईच्या राखीव कप्प्याला साधे बहुमत पुरते. ५ टक्क्यांची मर्यादा साध्या कायद्यात आहे, म्हणजे लाभांशाच्या सूत्राइतकीच ती मजबूत. उद्या तेलाचा भाव कोसळला, निवडणूक जवळ आली, तर तीही बाजूला ठेवता येईल. तेव्हा आज लाभांशाच्या बाजूने ओरडणारे आणि विरोधात ओरडणारे, दोघेही मिळून तो कप्पा रिकामा करू शकतात. मोठा लाभांशही द्यायचा आणि मोठा खर्चही करायचा, कर मात्र लावायचा नाही, हा मोह सगळ्यांनाच सोयीचा आहे. मर्यादा नसलेला वाटा हा नातवंडांच्या ताटातून काढलेला वाटा होईल.

घटना अशा बारीकसारीक पैशांच्या गोष्टींसाठी नसते, असे काही कायदेपंडित म्हणतात. एरवी मलाही ते पटते. पण अलास्काच्या घटनेत रॉयल्टीचे २५ टक्के आहेतच, आणि ते घातल्याचा पश्चात्ताप तिथे कुणी करत नाही. शिवाय कसे लिहिले जाते याला फार महत्त्व आहे. याचे उदाहरण आपल्या घरात आहे. विदर्भ आणि मराठवाड्यासाठी विकास मंडळे स्थापता येतील अशी तरतूद भारताच्या घटनेत अनुच्छेद ३७१ मध्ये आहे. १९९४ मध्ये मंडळे झाली, २०२० च्या एप्रिलअखेर त्यांची मुदत संपली, आणि घटनेतला अनुच्छेद जागच्या जागी असताना मंडळे मात्र नाहीशी झाली. ‘करता येईल’ असे लिहिले की करायचे की नाही हे सत्तेवर बसलेला ठरवतो. अलास्कातल्या ‘कायद्याने वेगळे ठरवले नसेल तर’ या शब्दांनी तेच केले.

इतक्या दूरच्या राज्याच्या निधीत मला का रस आहे, हेही सांगतो. मी उत्तर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात वाढलो. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावरून खनिजाचे ट्रक जायचे, एकामागून एक, दिवसभर. उन्हाळ्यात भिरंडांची, म्हणजे कोकमाची, सोलं अंगणात वाळत घातली की काकू त्यांच्यावर जुने पातळ अंथरायची. संध्याकाळी ते पातळ झटकले की लाल धुळीचा ढग उठायचा. खाली सोलं काळी ती काळीच राहिली तर दिवस चांगला गेला म्हणायचे. पावसात डोंगरावरची माती ओहोळातून शेतात उतरायची आणि भाताचे वाफे तांबड्या गाळाने भरायचे. गावातल्या पोरांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ते ट्रक रस्त्याकडेला उभे राहिले आणि हप्ते चालूच राहिले. डोंगर गेला, शेत गेले, ट्रकही गेला. गावाच्या नावावर म्हणून बँकेत काय राहिले, असे कुणी विचारले असते तर सांगण्यासारखे काही नव्हते.

२१ एप्रिल २०१४ रोजी गोवा फाऊंडेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा ठरवले, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि विक्रीच्या पैशातले १० टक्के गोव्याच्या लोहखनिज कायम निधीत टाकायला सांगितले. येणाऱ्या पिढ्यांचा हक्क हे त्यामागचे कारण. नावातच अलास्काची आठवण आहे. त्यानंतर गोंयची माती या चळवळीने पुढचे पाऊल टाकले. खनिजाची पूर्ण किंमत वसूल करा, ती सगळी कायम निधीत ठेवा आणि महागाई वजा जाता जे उत्पन्न उरेल ते प्रत्येक गोंयकाराला समान लाभांश म्हणून द्या, अशी तिची मागणी आहे. मला ती मागणी मनापासून पटते. पण आमचा निधी न्यायालयाच्या आदेशावर उभा आहे, आणि भारतात राज्यांना स्वतःची घटना नाही. सरकारी महसूल अनुच्छेद २६६ प्रमाणे एकत्रित निधीत जातो. गोव्यासाठी अनुच्छेद ३७१-आय मध्ये जी एक खास तरतूद आहे ती विधानसभेत किमान ३० सदस्य असावेत एवढ्यापुरती. आमदारांची संख्या घटनेत आली, डोंगराचे मोल आले नाही. अलास्काला आपला वाटा घटनेत लिहिता आला तर गोव्यात त्या मागणीला दाखवायला एक जिवंत उदाहरण मिळेल. तो नुसता कायद्याच्या भरवशावर विरघळत गेला तर इथले पुढारी म्हणतील, बघा, तिथेसुद्धा टिकले नाही. आणि झोबेल खटल्याचा धडाही आम्हाला लागणार आहे. ‘निज गोंयकार’, म्हणजे अस्सल गोवेकर, कोण हा वाद गोव्यात कायम पेटता असतो. वाटा द्यायची वेळ आली की पिढ्यांची मोजदाद करायचा मोह होईल. तो टाळायला हवा.

अलास्कात वाट सोपी नाही. नवी घटना परिषद बोलवायची का, हा प्रश्न तिथे दर दहा वर्षांनी मतदारांपुढे येतो. २०२२ च्या नोव्हेंबरात लाभांशासाठी झगडणाऱ्यांनी ‘हो’ म्हणा असा प्रचार केला आणि सुमारे ७० टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. मला त्यात लाभांशाला नकार दिसत नाही. १९९९ मध्ये निधीच्या कमाईतला काही भाग सरकारी खर्चाला वापरावा का असे विचारले तेव्हा ८३ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटले होते. लोकांना आपला वाटा हवा आहे. त्यासाठी अख्खी घटना उकलून ठेवायची नाही, एवढेच ते सांगत आहेत. मग उरतो तो एका दुरुस्तीचा मार्ग. चाळीसच्या सभागृहात २७ मते, वीसच्या सिनेटमध्ये १४, आणि मग सार्वत्रिक निवडणुकीत लोकांचे बहुमत. एवढी मते आजवर जमली नाहीत, कारण संदिग्धता सगळ्यांच्या उपयोगाची आहे. मोठ्या लाभांशाचे वचन देऊन निवडून येता येते, आणि निवडून आल्यावर त्याच लाभांशातून अर्थसंकल्प जुळवता येतो. दोन्ही बाजूंच्या आमदारांनी आपापला हट्ट थोडा सोडला, एकाने पूर्ण लाभांशाचा आणि दुसऱ्याने पूर्ण मोकळीकीचा, तर चौथ्या हिश्शावर ती मते जमू शकतात असे मला वाटते.

लाभांशाचे अर्ज अलास्कात १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात भरले जातात. त्याच महिन्यांत ज्यूनोत विधिमंडळ बसलेले असते. नदीकाठच्या गावात बाहेर उणे तीस अंश असताना कुणी आई स्वतःचा आणि चार मुलांचा अर्ज भरते, वर्षभर आपण इथेच राहिलो हे लिहून देते, शपथेवर सही करते. आपला वाटा किती हे त्या दिवशी तिला सांगू शकेल असा एकही माणूस राज्यात नसतो.